वगळलेली नोंद

४ मार्च
नव्या प्रणालीची तपासणी आजपासून माझ्या गळ्यात. जुन्या नोंदी आणि गणित यांची सांगड घालून गेल्या वीस वर्षांचा जगभरचा समुद्र पुन्हा मांडायचा. पाणी कुठे तापलं, प्रवाह कुठे वळले. जुन्या प्रणालीने तो मांडला होताच. नवीने जास्त खरा मांडलाय का, एवढंच मी सांगायचं. साहेब म्हणाले, “सुधारणा दिसली पाहिजे हं!” म्हणजे नसली तरी दाखवू की काय!

७ मार्च
आकडे, आकडे, आकडे. डोळ्यांची पार वाट लागली.

११ मार्च
समुद्राच्या एका पट्ट्यात चूक जुन्यापेक्षा एकदम निम्म्यावर आलीय. तीही फक्त एकाच आठवड्याच्या नोंदींत. तारखा बघितल्या.

दादाचा आठवडा.

अकरा वर्षांपूर्वी त्याची बोट तिथेच बुडाली. “तराफ्यात उतरतोय” हा शेवटचा निरोप. शोधपथकाला प्रवाहाची दिशा आमच्याच कार्यालयाने दिली होती. उत्तर! चार दिवस उत्तरेला शोधलं आणि थांबवलं. नवी प्रणाली म्हणते, प्रवाह दक्षिणेला होता.

१२ मार्च
कारण सापडलं. त्या दिवशी प्रवाह मोजणाऱ्या एका तरंगत्या बोयाने दक्षिणच कळवली होती. पण आमचं गणित उत्तर म्हणत होतं. दोघांचं फारच फाटलं, तर पाळीवरच्या माणसाने नोंद हाताने वगळायची, ही तेव्हाची पद्धत. वगळली. वर शेरा — ‘बोया बिघडला असावा.’

असावा! अरे गाढवा, शेजारच्या बोयाशी एकदा ताडून तरी बघायचंस! नवी प्रणाली तेवढंच करते. त्यालाच सुधारणा म्हणतात.

नाव नाही. नुसता पाळीचा क्रमांक.

१३ मार्च
वहिनीला घरी बोलावून सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, “म्हणजे ते तिकडे वाट बघत बसले होते?”

मी कप विसळत बसले.

निघताना म्हणाली, “मला त्याचं नाव हवंय. आईंनाही हवं असेल.” मी म्हटलं, शोधते. सोडणार नाही त्याला.

१७ मार्च
साहेब टाळाटाळ करतायत. “कशाला गाडलेली मढी उकरतेस?”
“मढं तरी कुठे मिळालं आम्हाला!” — ओरडलेच मी. सगळं कार्यालय माना वर करून बघायला लागलं. बघेना का!

शेवटी तळमजल्यावरच्या कपाटाची किल्ली दिली. पाळ्यांची जुनी रजिस्टरं तिथे आहेत. देताना माझ्याकडे बघितलं नाही.

१८ मार्च
माझी सही आहे.

नोकरीचा तिसरा आठवडा. सकाळची पाळी. बोट बुडाल्याचं तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. दिवसाला दीडशे नोंदी बघायचे मी, त्यातली ही एक. मला आठवतसुद्धा नाही! आठवत असती तर निदान रडता आलं असतं.

खाली साहेबांची सही. अकरा वर्षं हा माणूस रोज माझ्याबरोबर चहा पितोय.

१९ मार्च
अहवाल दिला. सगळ्यात मोठी सुधारणा — तोच पट्टा, तोच आठवडा. वरून शाबासकी आली.

२० मार्च
वहिनीला फोन केला. म्हटलं, मीच. “आईंना तूच सांग,” म्हणाली आणि फोन आईच्या हातात दिला.

आई म्हणाली, “बोल गं. सापडला का तो मेला?”