निळी झाकणं

३ मार्च
आले एकदाची! खोली टीचभर, पण माझी एकटीची, आणि प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर. आईने फोनवर पेनाचं टोपण चावू नकोस, एवढंच चारदा बजावलं. काम आतड्यात रोग माजवणाऱ्या जंतूंचं. साध्या खाद्यावर ते कसेबसे तग धरतात. न्यूक्लिओसाइडची, म्हणजे डीएनएच्या घटकांची, पूड मिसळली की फोफावतात. आपल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्यातूनही हेच सुटतं, म्हणजे पाहुण्यांना जेवू आपणच घालतो! पूड घातलेल्या बाटल्यांना निळी झाकणं, बाकीच्यांना पांढरी. झाकणं मी लावायची.

९ मार्च
निळ्या बाटल्या सकाळपर्यंत गढूळ, पांढऱ्या नितळ. बघायला मजा येते. आमच्या प्रमुख मॅडमची मात्र एकच तक्रार: बाटलीत होतं ते माणसाच्या पोटात होतं का, हे दाखवता येत नाही. शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला माझंच पेन मागून नेतो आणि माझ्यासारखंच टोपण चावतो. आज मॅडमनी आम्हा दोघांनाही पाहिलं. वाटलं, आता खरडपट्टी निघणार. त्या नुसत्या हसल्या.

१४ मार्च
पोटात मुरडा, अंगात ताप. चष्मेवाल्याचीही तीच गत. टोपण भोवलं. मॅडमनी आम्हाला प्रयोगशाळेच्याच वरच्या मजल्यावर शेजारशेजारच्या खोल्यांत ठेवलंय, मध्ये काच. दार बाहेरूनच उघडतं. फोन नर्सने नेला, त्यालाही जंतू लागतात म्हणे. आईला कळवलंय असं मॅडम म्हणाल्या. ताकदीचं पाणी दोघांनाही बाटलीतून येतं.

१६ मार्च
चष्मेवाला उठून बसला, मला हात केला. मला मान उचलवत नाही. आजार एकच, मग असं का? मग त्याची बाटली दिसली. पांढरं झाकण.
माझं निळं.

१७ मार्च
पाणी मोरीत ओतलं. दार बडवलं, घसा बसेपर्यंत ओरडले. काचेवर टकटक करून चष्मेवाल्याला बाटली दाखवली. त्याने माझं झाकण पाहिलं, मग स्वतःचं. आणि पडदा ओढून घेतला.

१८
हाताला सुई. हात बांधलेला. सलाइन लावताना नर्सने झाकण मुठीत लपवलं —

पोटात आग. पेशी मरतायत, जंतूंना आणखी खायला — मीच वाढतेय —

मॅडम काचेशी. हसतायत. आई, पुन्हा नाही चावणार टोपण, शप्पथ, तू फक्त दार