कॉम्प्युटरचं घड्याळ मागे का पडतं

प्रिय धाकटे,

फोन केलास की तू पहिलं विचारतेस, कॉम्प्युटरचं घड्याळ आलं का ताळ्यावर, आणि मी "चाललंय" म्हणून विषय बदलते. आज फोन न करता लिहायला बसलेय. फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तिसऱ्याच्या आत तू उपाय सांगायला लागतेस. लोकांचे कॉम्प्युटर नीट करून देणं हे तुझं पोटापाणी, त्यातलीच सवय आहे ती, तुला बोल लावत नाही. पण आज मला उपाय नकोत, मला सगळं सांगून होऊ दे. हे पत्र बाबांबद्दल आहे, हेही आधीच सांगून टाकते, नाहीतर घड्याळाचं पुराण वाचून तू कंटाळशील आणि पत्र "मग निवांत वाचू" म्हणून बाजूला ठेवशील. तसं करू नकोस.

दातांच्या डॉक्टरांचं काम मी घरून बघते ते तुला माहीतच आहे. पेशंटना वेळा द्यायच्या, आठवणीचे निरोप पाठवायचे, कोणी येणार नसेल तर कळवायचं. त्यांचा प्रोग्रॅम आपल्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवर बसवलाय आणि तो त्या कॉम्प्युटरच्या घड्याळावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. घड्याळ मागे पडायला लागलं तसे निरोपही भलत्या वेळी जायला लागले. एका बाईंना "तासाभरात पोचा" असा निरोप गेला, तेव्हा त्या दाढ काढून घरी येऊन झोपल्या होत्या. दोन माणसं एकाच खुर्चीसाठी भांडली. त्यातल्या एकाला सुई देऊन झाली होती, जीभ वळत नव्हती, म्हणून भांडण लवकर मिटलं. डॉक्टर पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा म्हणाले, बघा जरा. तिसऱ्यांदा अगदी सौम्य आवाजात म्हणाले की या महिन्याअखेरीपर्यंत नीट झालं नाही तर त्यांना दुसरं कोणी बघावं लागेल. तो सौम्य आवाज मी ओळखते, दाढ उपटायच्या आधी ते त्याच आवाजात बोलतात.

मग मी घड्याळाच्या मागे हात धुऊन लागले. सकाळी बरोबर लावायचं, संध्याकाळी बघावं तर मागे. कधी अर्धा तास, कधी दोन. तू म्हणालीस, आत बोर्डावर नाण्याएवढा सेल असतो, तो संपला असेल. म्हणून आमच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला आम्ही "आलोच" म्हणतो, कारण फोनवर तो एवढंच म्हणतो आणि मग तिसऱ्या दिवशी येतो. आलोचने नवा सेल घातला, फरक शून्य. तू म्हणालीस, देशाची वेळ चुकीची निवडली असेल. बघितलं, ती बरोबर होती. तू म्हणालीस, वेळ इंटरनेटवरून आपोआप घेऊ दे. मी ते चालू केलं आणि दुसऱ्या दिवशी ते बंद झालेलं. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मग तू व्हायरसवर संशय घेतलास, त्याची तपासणी अख्खी दुपार चालली आणि कॉम्प्युटर तेवढा तापला. शेवटी मी सगळं खापर तुझ्या दादावर फोडलं, रात्री बुद्धिबळ खेळतो म्हणून. तो बिचारा म्हणाला, घड्याळ मागे करून मला काय मिळणार, जरा जास्त झोप?

आलोच कॉम्प्युटर दुकानात घेऊन गेला. तिथे तो चार-पाच दिवस अगदी शहाण्यासारखा चालला, सेकंदाचा फरक नाही. परत आणून ठेवताना आलोच म्हणाला, वहिनी, आमच्याकडे बरोबर चालतं, तुमच्याकडे बिघडतं, आता घरच दुरुस्त करून घ्या. मी हसले. पण ज्या दिवसांत कॉम्प्युटर घरात नव्हता त्या दिवसांत बाबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या, जेवायला बसायचं नाही, दार उघडून जिन्यात बघायचं. मला वाटलं हवा बदललीय, पोट बिघडलं असेल. दोन्हीचा संबंध माझ्या डोक्यात आलाच नाही.

बाबा "थोडं विसरतात" एवढंच आम्ही तुला सांगत आलो. थोडं नाही गं. चष्मा साखरेच्या डब्यात सापडतो. जेवून उठले की मला विचारतात, आज उपाशीच ठेवणार का. मला कधी वहिनी म्हणतात, कधी "अहो बाई" म्हणतात, मी शेजारून आल्यासारखी. बाबांचे डॉक्टर म्हणाले, औषधाने वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. हे तुला कळवायचं नाही असं दादाने ठरवलं आणि मी मान डोलावली. भिंतीवरचं घड्याळ काढलं, तेही तुला सांगितलं नाही. बाबा स्टुलावर चढून त्याच्याशी काहीतरी खुडबुड करायचे आणि विचारलं की धूळ पुसतोय म्हणायचे. पडले तर कंबरडं मोडेल म्हणून घड्याळच उतरवलं आणि त्यांना दिसावं म्हणून दादाने कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठ्या आकड्यांचं घड्याळ लावून दिलं. आता घरात वेळ बघायची ती तिथेच. बाबा दिवसभर त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतात.

त्या दिवशी मी भाजी आणायला म्हणून निघाले आणि पाऊस भुरभुरायला लागला म्हणून कोपऱ्यावरून परत आले. दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा कॉम्प्युटरपाशी वाकून बसले होते, चष्मा नाकावर, उजव्या हातात माउस. खालच्या कोपऱ्यातल्या वेळेवर उजवं बटण दाबलं, खिडकी उघडली, आपोआप वेळ घेणं बंद केलं, पासवर्ड टाकला, तास मागे घेतला, खिडकी बंद. एकदाही अडखळले नाहीत. सकाळी शर्टाची बटणं लावताना ज्यांचा हात घोटाळतो, तेच हे बाबा. आणि का अडखळतील? कारखान्याच्या टाइम ऑफिसात, कामगारांच्या हजेरीच्या घड्याळापाशी, उभी हयात गेली त्यांची. पुढे तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा घड्याळाला हात लावायची परवानगी अख्ख्या कारखान्यात त्यांना एकट्यालाच होती. घरचा कॉम्प्युटर घेतला तेव्हा सगळे अधिकार बाबांच्या नावावर ठेव, नाहीतर त्यांना अपमान वाटेल, असं तूच म्हणाली होतीस.

माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू. महिनाभर मी दातओठ खात होते, आलोचच्या हातापाया पडत होते, नवऱ्याला नाही नाही ते बोलले, आणि चोर घरातच. मी पिशवी आपटली आणि विचारलं, बाबा, हे काय चालवलंय? ते दचकले नाहीत. ओठांवर बोट ठेवलं, आतल्या खोलीकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "सहा वाजू द्यायचे नाहीत. धाकटी अजून पोचली नाही."

मला आधी काही कळलंच नाही. मग मी तिथेच जमिनीवर बसले. बाबा मला समजावायला लागले, नव्या कारकुनाला समजावावं तसं. म्हणाले, "गेटावर माणूस धावत येताना दिसला ना, की घड्याळ जरा धरायचं. आत आला की सोडायचं. त्याच्यावर उशिराचा शिक्का बसता कामा नये."

धाकटे, आई गेल्या त्या संध्याकाळी तू इथे नव्हतीस, म्हणून तुला हे कोणी कधी सांगितलं नाही. आईंना न्यायची गाडी सहाला सांगितली होती. तुझं विमान रद्द झालं, मग दुसरं मिळालं, तू वाटेतून निरोपावर निरोप पाठवत होतीस, आणि बाबा प्रत्येकाला एकच सांगत होते, थांबा, ती निघालीय. गाडीवाला म्हणाला, मला पुढे दुसरीकडे जायचंय. नातेवाईक घड्याळाकडे बघायला लागले. बाबा आईंना ठेवलं होतं त्या आतल्या खोलीच्या दारात दोन्ही हात लावून उभे राहिले होते. त्यांना धरून बाजूला केलं ते तुझ्या दादाने. त्याचाही इलाज नव्हता, सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत होते. तू दुसऱ्या दिवशी आलीस, दारात बॅग ठेवून नुसती उभी राहिलीस, आणि बाबांनी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा तू जे मनात धरलंस ते मला ठाऊक आहे. तू उशीर केलास म्हणून बाबांनी तुला तोडलं, असं तुला वाटतं. म्हणूनच दोन वर्षं तू स्वेटर पाठवतेस, चष्मे पाठवतेस आणि स्वतः येत नाहीस. अगं, त्यांना तुझ्याकडे बघायची लाज वाटत होती. ज्यांनी हयातभर परक्या माणसांसाठी घड्याळ धरून ठेवलं, त्यांना स्वतःच्या मुलीसाठी ते धरता आलं नाही.

हे कळल्यावर मी शहाणपणा केला. पासवर्ड बदलला. म्हटलं, नोकरी तर वाचेल, आणि दोन दिवसांत बाबा विसरतीलही, विसरतातच ना सगळं. त्या संध्याकाळी ते माउस घेऊन बसले, एकदा टाकला पासवर्ड, पुन्हा टाकला, पुन्हा टाकला. पडद्यावर सहा वाजले. मग ते उठले आणि आतल्या खोलीच्या दारात दोन्ही हात लावून उभे राहिले. मी आणि दादाने हरप्रकारे समजावलं, पण हलेनात. कोणी न्यायला येत नाहीये बाबा, असं म्हणावं तर पुढचा प्रश्न येतो, मग तुमची आई कुठे आहे. एकदा दादाने खरं सांगितलं. बाबांनी ते पहिल्यांदाच ऐकलं, धाकटे. नवं कोरं दुःख त्यांच्या अंगावर पडलं आणि रात्रभर ते रडले. सकाळी सगळं विसरले आणि संध्याकाळी पुन्हा घड्याळासमोर जाऊन बसले. दादा बाल्कनीत जाऊन उभा राहिला तो लवकर आत आला नाही. मी पासवर्ड पुन्हा पहिला करून ठेवला. दातांच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं, दुसरं कोणी बघा, मला जमणार नाही. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, घड्याळ दुरुस्त होण्यासारखं नाही.

त्यानंतर आमचं घर काही दिवस मागच्या वेळेवर चाललं आणि खरं सांगू, बरं चाललं. बाबा वेळ मागे घ्यायचे, मी त्यांना चहा द्यायचे, ते विचारायचे, आली का? मी म्हणायचे, निघालीय. ते मान हलवायचे, अजून आहे वेळ म्हणायचे आणि निमूट जेवायचे. खोटं बोलणं माझ्या अंगवळणी पडलं. निदान त्या खोट्यावर माणूस जेवत तरी होता.

आता हे पत्र का लिहितेय ते सांगते. गेला आठवडाभर घड्याळ बरोबर चाललंय. मिनिटाचाही फरक नाही. पहिल्या दिवशी मला आनंदच झाला, वेड्यासारखा, वाटलं बाबांना बरं वाटतंय. मग लक्षात आलं की ते कॉम्प्युटरजवळ गेलेच नाहीत. खुर्ची रिकामी, आणि ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून. सहा वाजले, सात वाजले, उठले नाहीत. चहा तसाच निवून जातो. काल मला राहवलं नाही, मी स्वतःच घड्याळ मागे घेतलं, चांगलं दोन तास, आणि त्यांना हाताला धरून पडद्यासमोर आणून बसवलं. म्हटलं, बघा बाबा, अजून सहा वाजले नाहीत, धाकटी वाटेत आहे. त्यांनी आकड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "राहू दे, बाई. किती वेळ अडवणार लोकांना. ती काही येत नाही आता." माझ्याकडे यावर काही उपाय नाही, दादाकडे नाही, डॉक्टरांकडे नाही, आणि तुझ्याकडेही फोनवर सांगण्यासारखा नाही. तू ये. ते तुला ओळखतील याची खात्री मी देत नाही. तरी ये.

तुझीच,
वहिनी