मागच्या ब्रेकची पिन

र्युसेल्सहाइम,
रविवार, १९ जून २०१६

प्रिय प्रसन्न,

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी तू दचकला असशील. घाबरू नकोस, इथे सगळे ठणठणीत आहेत. ऊर्मिलाचा गुडघा आता बरा आहे. स्पृहा उंचीत आईच्या पुढे गेली, मी मराठीत विचारतो आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते, असं आमचं छान चाललंय. पण हे फोनवर बोलण्यासारखं नाही. फोनवर मी जरा काही गंभीर काढलं की तू 'असू दे रे दादा' म्हणतोस, आणि मला तेवढंच हवं असतं, मी लगेच हवापाण्यावर येतो. कागद असा मध्ये बोलत नाही. तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती वाचून तू माझ्याशी बोलशील की नाही, मला खरंच माहीत नाही. आधीची तीन पत्रं फाडली, हे चौथं. तेव्हा थोडं इकडचं तिकडचं बोलू दे, मग येतो मुद्द्यावर.

तर बातमी अशी, की मी जावा मोटरसायकल घेतली. हसू नकोस. गेल्या ऑक्टोबरात पूर्वेकडच्या एका खेड्यातून आणली. तिचा मालक वारला होता आणि त्याच्या नातीला गोठ्यातली अडगळ काढायची होती. गाडी कसली, एक सांगाडा आणि सहा खोकी. खोक्यांत नट, बोल्ट, दोरे, वाळलेलं गवत आणि उंदराचं एक जुनं घरटं. पण टाकीवरची धूळ मी बाहीनं पुसली आणि खालून तोच रंग वर आला, आपल्या अण्णांच्या गाडीचा, पिकलेल्या करवंदासारखा. मी तिथेच गोठ्यात पालथ्या बादलीवर बसलो. त्या मुलीला वाटलं मला चक्कर आली, तिनं पाणी आणून दिलं.

ऊर्मिलाचं म्हणणं, लोक भंगार विकतात आणि आमचे हे भंगार भाड्याच्या गाडीतून तीनशे किलोमीटर वाहून आणतात. तरी तिनंच फराळाचे सगळे डबे रिकामे करून दिले आणि झाकणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: 'डावीकडचं', 'उजवीकडचं', आणि एकावर 'देव जाणे'. तो तिसरा डबा सगळ्यात भरलेला होता. कार्बोरेटर मी तिच्या पुरणाच्या पातेल्यात उकळला, त्याबद्दल मात्र अजून ऐकून घेतो आहे.

तुला गंमत सांगतो, वीस वर्षं मी गाड्यांच्या कंपनीत आहे, पण हाताला ग्रीस लागलं ते आत्ता. ऑफिसात मी दरवाज्याच्या बिजागरीच्या ड्रॉइंगवर सह्या करतो. बिजागरी मी कित्येक महिन्यांत डोळ्यांनी बघितलेली नसते. शेजारी हेर केसलर म्हणून आजोबा आहेत, कारखान्याच्या लाइनवरून निवृत्त झालेले. ते रोज चारच्या सुमाराला गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. मी पान्हा चुकीचा उचलला की बोलत नाहीत, नुसते खोकतात. बरोबर उचलला की 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणतात. रविवारी इथे रूहेत्साइट असते, म्हणजे ठोकाठोक करायची नाही, आवाज म्हणून करायचा नाही. मग रविवारी मी फक्त घासतो. आरे, मडगार्डची कड, हँडल. दुपारभर कापडाचा तेवढा आवाज आणि बाहेरच्या झाडाचा मोहोर टपटप पडत असतो. घासता घासता मी कुठे जातो, कळत नाही. मान वर करतो तेव्हा मी वाईला असतो, आपल्या मागच्या अंगणात, ऊन कडप्प्यावर आलेलं असतं आणि तू माझ्या शेजारी उकिडवा बसलेला असतोस, तेरा वर्षांचा, नाकावर तेलाचा डाग.

काय हात होते रे तुझे. मी सतरा वर्षांचा, बारावीत पहिला, आणि मला नट कुठल्या बाजूला फिरवायचा ते आठवावं लागायचं. तू घरातून नुसता आवाज ऐकून सांगायचास, अण्णा नाक्यापाशी आलेत आणि प्लग काळा झालाय. अण्णा ओव्हरसियर, दिवसभर रस्त्यांच्या कामांवर हिंडायचे. त्यांनी महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी तुझ्या ताब्यात द्यायची. आणि माझं काम वर्तमानपत्र अंथरून काढलेले भाग ओळीनं मांडायचं. आठवतो ना त्यांचा नियम? प्रत्येक पिनेला दोन माणसं. लावणाऱ्यानं मोठ्यानं 'लावली' म्हणायचं, दुसऱ्यानं वाकून बघायचं, बोटानं चाचपायचं, आणि 'बघितली' म्हणायचं. त्याशिवाय पान्हे पुसायचे नाहीत. आई म्हणायची, घरात मंगलाष्टकं चाललीत की काय. मला त्या नियमाचं हसू यायचं. आता ऑफिसात प्रत्येक ड्रॉइंगवर दोन सह्या लागतात, तेव्हा अण्णाच आठवतात.

नोव्हेंबर ते मार्च असं एकेक होत गेलं. सांगाड्याला रंग दिला. वायरिंग नवीन केलं. सायलेन्सर मिळाला एका म्हाताऱ्याकडे, त्यानं तो जपून जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवला होता. स्पृहाला मी दाखवलं की ज्या दांड्यानं किक मारायची तोच पुढे ढकलला की गिअरचा दांडा होतो, तर ती अर्धा तास नुसती तेच करत बसली. त्या दिवशी ती मला पहिल्यांदा म्हणाली, मराठीत, 'बाबा, हे मस्त आहे.' ईस्टरच्या शनिवारी तेल मिसळून पेट्रोल घातलं आणि सातव्या किकला गाडी बोलली. हेर केसलर खुर्चीतून उठून उभे राहिले. निळसर धूर गॅरेजभर झाला, आणि त्या वासात अण्णा कामावरून आले, आईनं चहा टाकला, तू एकाच पायात चप्पल घालून बाहेर पळालास. इंजिन बंद केलं तरी तो वास किती वेळ होता. मी दार लावून घेतलं आणि रडलो. ऊर्मिलाला वाटलं, आनंदानं.

आता मुद्द्यावर येतो, कारण पुढे फक्त एकच काम राहिलंय आणि एप्रिलपासून माझ्याच्यानं ते होत नाहीये. मागच्या ब्रेकची लांब सळी असते, पेडलापासून चाकापर्यंत. तिच्या टोकाला खिळा, खिळ्याच्या भोकात कॉटर पिन, पिनेचे दोन पाय पकडीनं फाकवायचे. झालं. दहा सेकंदांचं काम. ते झालं की टुफच्या, म्हणजे इथल्या वाहनतपासणीच्या माणसाला गाडी दाखवायची आणि नंबर घ्यायचा. मी पिन हातात घेतो, वाकतो, आणि परत डब्यात टाकतो. हेर केसलरना वाटतं मी कुठला तरी भाग यायची वाट बघतोय. रोज विचारतात, आला का. एकदा मी बळेच पिन घातली आणि सवयीनं तोंडातून 'लावली' निघून गेलं. गॅरेजमध्ये कोणीच नव्हतं. मी ती काढून टाकली.

तू ओळखलं असशील मी कुठल्या पिनेबद्दल बोलतोय. मे महिन्यातला शहाऐंशी सालचा तो रविवार. सकाळी तू ब्रेक साफ केलास. दुसऱ्या दिवशी पसरणीच्या घाटात उतारावर अण्णांनी ब्रेक दाबला आणि पेडल नुसतं खाली गेलं. खुबा मोडला, पाय कायमचा आखूड झाला. गाडी उचलून आणणारा मेकॅनिक अंगणात सगळ्यांसमोर म्हणाला, ह्यात पिनच नव्हती. तू रडत रडत सांगत होतास, मी लावली होती, मी लावली होती. अण्णांनी दवाखान्यातल्या खाटेवरून मला विचारलं, जयंत, तू बघितली होतीस? मी म्हणालो, माझं लक्ष नव्हतं. त्यावर ते तुला एवढंच बोलले, की पुन्हा यंत्राला हात लावायचा नाही. मारलंसुद्धा नाही. आणि मग महिन्याभरानं तू माझ्या गादीवर येऊन बसलास आणि हळूच म्हणालास, दादा, नसेलच लावली मी, मला नीट आठवत नाहीये आता. मी कूस बदलली.

प्रसन्न, तू पिन लावली होतीस. त्याच दुपारी अण्णा झोपले असताना मी गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि माझ्या वर्गातल्या मधूला मागे बसवून धोम धरणावर गेलो. निव्वळ मिरवायला, दुसरं काही नाही. येताना मागचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्यानं चाक काढताना ती सळी सोडवली आणि पिन माझ्या हातावर ठेवली. अण्णांच्या चहाच्या आत घरी पोचायचं म्हणून मी घाई केली, खिळा मीच बसवला, आणि पिन माझ्या शर्टाच्या खिशात राहिली. बघायला दुसरा माणूस होता मधू, तो कडेला करवंदं खात होता. सोमवारी संध्याकाळी दवाखान्यातून कपडे बदलायला घरी आलो तेव्हा ती पिन खिशात बोटाला लागली. मी नदीच्या घाटावर गेलो आणि ती कृष्णेत टाकली. नंतर मी इंजिनियर झालो, जर्मनीला आलो, लोक अण्णांना म्हणाले, मुलानं नाव काढलं. आणि ज्याचे हात होते, तो शाळेच्या कचेरीत दाखले लिहितोय, सायकलवर जातो, घरातल्या मिक्सरचा प्लग बदलायलासुद्धा माणूस बोलावतो. रोज सकाळी अण्णांच्या पायाला तेल लावतोस तू. तीस वर्षं ते तू प्रायश्चित्त म्हणून लावतोस हे मला ठाऊक आहे, आणि मी इथून तुला विचारत आलो, काय रे, अण्णांचा पाय कसा आहे.

मला माफ कर असं लिहायला घेतलं होतं, त्याच ओळीवर ती तीन पत्रं फाटली. ते मागायचा मला हक्क नाही. दिवाळीचं तिकीट काढलंय, एकट्याचं. अण्णांना तू काही सांगू नकोस, ते मी त्यांच्या खाटेपाशी बसून माझ्या तोंडानं सांगणार आहे, पण त्यांच्याआधी तुला कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र. तू दार उघडलं नाहीस तरी मी समजून घेईन. ह्या पाकिटात कागदात गुंडाळलेली एक कॉटर पिन आहे, ती टाकू नकोस. गाडी तशीच उभी राहील, कितीही वर्षं लागली तरी मी दुसरी पिन घालणार नाही. कधी तुला वाटलं तर ये, गॅरेजमध्ये वर्तमानपत्र अंथरून ठेवतो. तू लाव, आणि मोठ्यानं म्हण. त्या रविवारीही तू म्हणाला होतास, मी वाकलो होतो, बोटानं चाचपली होती. बघितली होती रे मी.

तुझाच, आणि तरी तुझ्यासमोर यायला घाबरणारा,
दादा