सतरा नंबरची सही

३ मार्च, सोमवार

फाटला. मुद्दाम नाही फाडला — पण फाटला तो फाटलाच.

क्रमानं लिहिते, म्हणजे निदान मला तरी कळेल कुठे घसरले. उस्ताद, म्हणजे मला गॅसचं काम शिकवणारे, सकाळी म्हणाले, "ही इमारत तुझी. जुना रेग्युलेटर काढ, नवा बसव, गॅस सुरू करून दे. एकटीनं. जमलं तर कायम नोकरीचं कार्ड, नाहीतर तुझा रस्ता तुला मोकळा." सहा मजले, चोवीस घरं, आणि सगळ्यांच्या शेगड्यांना आवर घालणारा हा एकच डबा, फाटकाशेजारच्या पत्र्याच्या पेटीत. रस्त्याखालून गॅस येतो तो मुसंडी मारत. रेग्युलेटर त्याला म्हणतो, बाबा रे, दमानं. आत रबराचा एक पडदा, वर स्प्रिंग. एवढीच त्याची अक्कल, पण माझ्यापेक्षा बरी.

कामाची रीत अशी: आधी सगळ्या घरांत जायचं, गॅसचा कॉक बंद आहे हे बघायचं, राहणाऱ्याची सही घ्यायची. मग खालचा मोठा व्हॉल्व बंद. मग पान्याला हात. मी पेटी उघडली तर आतून शिट्टी ऐकू आली. बारीक, नाक चोंदलेल्या माणसासारखी. म्हटलं बघू तर खरं. व्हॉल्व बंद केला, झाकण काढलं, पडदा बोटानं चाचपला, आणि तो जुन्या फुग्यासारखा चिरत गेला. आता जुना परत लावणंही गेलं.

मग नवा बसवला. पंपानं हवा भरून साबणाचा फेस लावला — एक बुडबुडा नाही. देखणा बसलाय. फक्त त्यात गॅस नाही. मग सह्यांसाठी धावले. तेवीस मिळाल्या. सतरा नंबरला कुलूप.

उस्तादांना फोन केला. ते म्हणाले, "त्या घरात कॉक उघडा राहिला असला तर? तू खाली गॅस सोडणार, आणि तो वर कुलपाआड भरत बसणार. चोवीस म्हणजे चोवीस. त्याआधी व्हॉल्वला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे."

ताईला काही बोलले नाही. तिच्याकडे राहते, तिचंच खाते. मागच्या महिन्यात तिनं बजावलंय — ही नोकरी सोडून आलीस तर दार उघडणार नाही. बोटांवर नऊ नोकऱ्या मोजून दाखवल्या. मी म्हटलं, अकरा, दोन तुला माहीत नाहीत. हे बोलायची गरज नव्हती.

४ मार्च, मंगळवार

कालच्या सह्या बाद! उस्ताद म्हणतात, काल कॉक बंद होता, आज कोणी चाळा केला असेल तर? सही त्या दिवसाची त्या दिवसाला. चोवीसच्या चोवीस एकाच दिवसाच्या हव्यात.

पुन्हा सहा मजले. लिफ्ट नाही. नऊ नंबरच्या काकूंनी पेन हातात घेऊन विचारलं, "कालची सही आवडली नाही का?" सहाव्या मजल्यावरचे आजोबा सही करायला पाच मिनिटं घेतात, अक्षर वळणदार आहे. तेवढ्या वेळात त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, रोज सात मिनिटं मागे पडतं. मी ते उघडून बसले. (घड्याळजीकडे दोन महिने होते. ताईला माहीत नसलेल्या दोनांपैकी एक.) खाली आले तेव्हा दोन घरांची माणसं बाहेर निघून गेली होती. आज एकवीसच.

५ मार्च, बुधवार

सतरा नंबरचे मालक परदेशात. अध्यक्षांनी त्यांचा नंबर दिला. अध्यक्ष म्हणजे इमारतीच्या समितीचे. निवृत्त आहेत — कशातून, ते कोणी विचारत नाही. मालक फोनवर म्हणाले, दोन वर्षं तिथं कोणी राहत नाही, किल्ली अध्यक्षांकडेच आहे, खुशाल उघड.

मी परत अध्यक्षांकडे. "किल्ली तुमच्याकडे आहे?"

"आहे ना."

"मग सोमवारी का नाही बोललात?"

"तुम्ही कुलपाचं विचारलंत. किल्लीचं नाही."

आत गेले. दोन खोल्या, एक खुर्ची, ओट्यावर बोटभर धूळ. कॉक बंद, वर टोपणसुद्धा घट्ट. जीव भांड्यात पडला. खिडकीतून समोरची गच्ची दिसते. तिथं एक माणूस तीन चेंडू झेलायचं शिकत होता. दोन जमतात, तिसरा हुकतो. अर्धा तास गेला.

उस्तादांना सांगितलं, डोळ्यांनी बघितलं, बंद आहे. ते म्हणाले, "मला पटलं. कागदाला कसं पटवणार? राहणाऱ्याची सही आण. नाहीतर इमारतीचं पत्र आण, की घर रिकामं आहे. मग मी येऊन सील मारतो."

पत्र काय, उद्या सकाळी मिळेल.

६ मार्च, गुरुवार

नाही मिळत.

अध्यक्ष म्हणाले, "या इमारतीत एकही घर रिकामं नाही."

"मी काल आत उभी होते."

"मग रिकामं कसं म्हणता? तुम्ही होतात की."

खरं कारण काकूंनी जिन्यात सांगितलं. समितीनं लिफ्टसाठी अर्ज केलाय. लिफ्ट देणाऱ्या कचेरीचा नियम — इमारत पूर्ण भरलेली हवी. यांनी लिहून दिलंय, चोवीसच्या चोवीस घरांत माणसं राहतात. आता घर रिकामं असल्याचं पत्र दिलं तर अर्ज गेला. सहाव्या मजल्यावरचे आजोबा गुडघ्यांमुळे चौदा महिने खाली उतरलेले नाहीत. ते मला म्हणाले, "पोरी, मला गॅस नको. मला जमीन हवी."

७ मार्च, शुक्रवार

अख्ख्या इमारतीत विजेची शेगडी एकच — काकूंची. जिन्यात वेळापत्रक लागलं. "पहिला मजला: ७ ते ७.३०. भात लावू नये." माझं नाव आता बिनगॅसवाली. लहान पोरंसुद्धा हाक मारतात. तेवीस सह्या.

८ मार्च, शनिवार

डोक्यात आलं — घर रिकामं असल्याचं पत्र मिळत नाही ना, मग घर भरू या! मालकांना फोन केला. ते म्हणाले, "कोणीही आण. मी दोन वर्षं तेच करतोय. समिती पास करत नाही."

समितीनं आजवर आठ भाडेकरू परत पाठवलेत. एक जण फार मोठ्यानं शिंकला म्हणून. एक अजिबात बोलला नाही म्हणून.

१० मार्च, सोमवार

तिघांना पकडून आणलं. पहिला चपला दुरुस्त करणारा. अध्यक्षांनी विचारलं, दिवसभर ठोकणार का? तो म्हणाला, दिवसभर कुठलं, पोटापुरतं. नापास. दुसरी शिक्षिका, सगळ्यांना फार आवडली, पण तिनं पाच मजले चढून विचारलं, "लिफ्ट कधी?" समिती एकमेकांकडे बघायला लागली. ती स्वतःच उतरून गेली. तिसरा समोरच्या गच्चीवरचा चेंडूवाला. त्याला मी गच्चीवर जाऊन आणलं होतं. त्यानं समितीपुढे तिन्ही चेंडू झेलले, पहिल्यांदाच. त्या आनंदात त्यानं कामधंदा नसल्याचं सांगून टाकलं. इथं कायम नोकरी लागते. नापास.

पाचव्या मजल्यावरच्या दादांनी सही करताना पेन माझ्या अंगावर फेकलं. आठ दिवस थंड पाण्यानं आंघोळ करतोय माणूस. पेन उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिलं.

उस्तादांचा निरोप: शुक्रवारपर्यंत. मग ते दुसऱ्या कोणाला तरी पाठवतील, आणि माझी पिशवी तयार असू दे.

१२ मार्च, बुधवार

सकाळी काकूंनी सही केली आणि पेन परत देईनात. म्हणाल्या, "तूच का नाही राहत तिथं?"

हसले. त्या हसल्या नाहीत.

खाली उतरले ते थेट बसस्टँडवर. इमारत डोळ्यांसमोर नको झाली होती. माझ्या नावावर आजवर एक सायकल होती, तीही चोरीची निघाली. किल्ली, दाराला नाव, कचरा कोणत्या वारी काढायचा — हे सांभाळणारी माणसं वेगळी असतात. फलाटावर तीन बस लागलेल्या. कुठल्या गावाला जातात ते वाचत बसले. एकीत चढलेसुद्धा, खिडकीची जागा मिळाली. शेजारच्या बाईनं विचारलं, कुठे निघालीस? आणि माझ्या तोंडून गेलं, "अजून तीन मजले राहिलेत." चौथा, पाचवा आणि सहावा. आजोबा दुपारी झोपतात, त्याआधी गाठावे लागतात.

उतरले. कंडक्टर काहीतरी बोलला, ते लिहिण्यासारखं नाही.

तेवीस झाल्या. आजोबांचं घड्याळ आता सात मिनिटं पुढे पळतं.

१३ मार्च, गुरुवार

जिन्यात समितीची सभा. उमेदवार मी. अध्यक्ष वरच्या पायरीवर, बाकीचे कठड्याला टेकून, हातात ब्रेड. आजोबांनी सहाव्या मजल्यावर दार उघडं ठेवून खुर्ची टाकली. वरून ऐकत होते.

"नोकरी कायम आहे का?"

"नाही. इथला गॅस सुरू झाला की होईल."

"गॅस कधी सुरू होणार?"

"सतरा नंबरात कोणी राहायला आलं की."

"कोण येणार?"

"मी. तुम्ही हो म्हणालात तर."

"आम्ही हो म्हणू की. नोकरी कायम हवी, एवढंच."

काकूंनी बोटांवर मोजून बघितलं, पुन्हा पहिल्याच बोटावर आल्या. पेनवाले दादा म्हणाले, नियम मोडायचा नसेल तर वाकवा. अध्यक्ष म्हणाले, वाकवलेला नियम पुढच्या माणसाला लागतो. वरून आजोबा ओरडले, "मी मेल्यावर लिफ्ट आणा!" मग चौथ्या मजल्याची शेगडीची वेळ झाली, आणि सभा उठली.

माझा भाडेकरूचा अर्ज अध्यक्षांनी घडी करून खिशात घातला. हो नाही, नाही नाही.

उद्या शुक्रवार. घरी आले तर ताईनं माझं ताट झाकून ठेवलेलं. तिला अजून काही माहीत नाही. पिशवी भरली. भरायला फार नव्हतंच — दोन जोड कपडे, पाना, ही वही.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी अर्ज परत मिळाला. त्यात "नोकरी कायम आहे का" या रकान्यात अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं — "रोज येते." खाली समितीच्या सह्या.

सतरा नंबर. कॉक बंद. राहणारी: मी. चोवीस. साडेअकराला गॅस सोडला. उस्तादांनी कागद उजेडात धरला, सतराच्या ओळीत माझ्या दोन सह्या, एक घेणारीची, एक देणारीची. कार्ड दिलं.

संध्याकाळी ताईला फोन केला, आज येत नाही. ती म्हणाली, "पळालीस ना शेवटी? कुठे आहेस?"

"घरी," म्हटलं.