घोडी विकून घेतलेली जीप

१२ मार्च, नारिन शहर
निर्णय झाला. घोडी विकायची, जीप घ्यायची. जपानी आहे, वीस वर्षं जुनी, पण मालक म्हणतो फक्त लग्नाकार्याला काढायचो. तीनदा जाऊन पाहिली. टायरला लाथ मारली, दारं आपटली, सीटवर बसून उड्या मारल्या. बॉनेट उघडलं नाही. माणसावर थोडा विश्वास हवा.

हे सगळं आईसाठी. गुडघे गेले, घोड्यावर बसवत नाही, चार उन्हाळे तिनं डोंगरावरचं कुरण पाहिलेलं नाही. २१ जूनला तिला थेट तंबूच्या दारात उतरवणार. शब्द दिलाय.

मेहुण्याला, एमिलला, फोन केला. घोडी हिवाळाभर त्याच्याच कळपात. म्हणाला, "दाजी, विकण्याआधी एकदा येऊन बघून तरी जा. पोट केवढं सुटलंय तिचं!" म्हटलं, घोडीत काय बघायचं? पोट सुटलंय तर तूच आजच विकत घे, किंमत बोल. गुरांच्या दवाखान्यात अकरा वर्षं हिशेब लिहितोय, आळशी जनावर मला फोनवरून कळतं.

१८ मार्च
जीप दारात. बायकोनं, बुरुलनं, पिठाचे बोर्सोक तळले, गल्ली लोटली. नवी वस्तू किंवा नवी सून पहिल्यांदा बघणाऱ्यानं कोरुमदुक, म्हणजे बघण्याचे पैसे, द्यायचाच, त्यामुळे ४२०० सोम जमले. ते दुरुस्तीसाठी वेगळे ठेवले. असं नियोजन असलं की खर्च अंगावर येत नाही.

२ एप्रिल
बाजाराच्या चढावर बॉनेटमधून वाफ. कुबात मेकॅनिक म्हणाला, रेडिएटर गेला. १४,००० सोम. नियोजन थोडं कमी पडलं. पण कुबात म्हणतो, "आता दहा वर्षं बघायला नको, साहेब." म्हणजे वर्षाला फक्त १४००. स्वस्तच.

१९ एप्रिल
पुढच्या चाकातून घूं घूं आवाज. उपाय सापडला: रेडिओ मोठा लावला.

२० एप्रिल
रेडिओ बंद पडला. बेअरिंग ६५००.

११ मे
शॉक ॲब्सॉर्बर बदलले. किंमत लिहीत नाही, बुरुल हल्ली माझ्या कपाटात हात घालते. एक विचार सुचला. रेडिएटर नवा, बेअरिंग नवं, शॉक नवे, म्हणजे गाडी निम्मी नवी झाली. शेजारच्या सुलतानअलीला म्हटलं, निम्मा कोरुमदुक पुन्हा द्यायला हरकत नाही. तो म्हणाला, "सुनेला नवा दात बसवला म्हणून पुन्हा कोरुमदुक मागतात का रे?" माणसाची जात कंजूष.

३० मे
इंजिनाच्या हेडचं गॅस्केट जळालं. ४८,०००. पतपेढीतून उचलले. बुरुल म्हणाली, "अहो, नऊ वर्षं घोडी होती. तिनं कधी रेडिएटर मागितला?" बायकांना यंत्राची दृष्टी नसते. वाद घातला नाही. रात्रीचं जेवण मिळालं नाही.

१४ जून
चाचणी. आईला शेजारी बसवलं. गाडी जपानी, स्टीअरिंग उजवीकडे, आणि आपण रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालणारे. ट्रकच्या पुढं जायचं तर समोरचं दिसतं ते शेजारच्यालाच. विचारलं, आई, समोरून काही येतंय का? म्हणाली, "मला कुठं दिसतंय बाळा? पण तू जा, देव आहे." गेलो नाही. घरापर्यंत ट्रकच्या मागंच. पण गाडी छान चालली.

कुबात म्हणतो, पाण्याचा पंप ठिबकतोय, ५००० होतील. पैसे टोपीच्या अस्तरात लपवलेत. पंप कुरणावरून आल्यावर. ठिबकण्याला गळणं म्हणत नाहीत.

२१ जून, सकाळ
आई उजाडल्यापासून मखमली जाकीट घालून दारात बसलीय. विचारते, "नक्की ना रे?" म्हटलं, जेवायला वरच.

२१ जून, संध्याकाळ
शेवटच्या चढाच्या पायथ्याशी पंप गेला. समोर तंबू दिसत होते, चुलींचा धूर दिसत होता. आई नुसती काचेतून वर बघत राहिली. त्यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. बॉनेट उघडून उभा राहिलो, तेवढंच काम असल्यासारखं.

वरून एमिल आला, दोन घोडे आणि गवताच्या गाडीचा साज घेऊन. त्यातली एक माझी घोडी. पोट साफ उतरलेलं. तिच्या मागं एक तांबूस शिंगरू, कपाळावर चांदणी, माझ्या वडिलांच्या घोड्यासारखी.

मार्च आठवला. पोट आठवलं. म्हटलं, एमिल, सांगायचंस तरी! तो म्हणाला, "येऊन बघा म्हटलं होतं ना, दाजी? तुम्ही विचारलीत ती फक्त किंमत." आणि हात पुढं केला.

मला वाटलं मदतीला. गाडीतून आई ओरडली, "बघतोस काय? नवं शिंगरू पाहिलंस ना, कोरुमदुक काढ!" तिला ट्रक दिसत नाही, शिंगरू बरोबर दिसलं. टोपी उसवली. पंपाचे पाच हजार गेले.

मग घोडे जीपला जुंपले. आई काच खाली करून बसली, शिंगरू तिच्या दाराशी चालत होतं, ती त्याच्याशी बोलत होती. तंबूच्या अगदी दारात उतरली. बायका धावत आल्या. ती सगळ्यांना सांगत होती, "लेकानं गाडीतून आणलं हो!" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "फार छान चालली रे आज. एकदासुद्धा गरम झाली नाही."

नोंद: गाडी ठरल्या तारखेला कुरणावर पोचली. स्टीअरिंग शेवटपर्यंत माझ्याच हातात होतं.