आईच्या वाक्याच्या सांभाळाबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, ग्रंथालयातून निवृत्त, डावा कान सोडल्यास सर्व शाबूत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे; ते रागात लिहिले होते.

१. राहते घर भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला. मागच्या दाराची कडी जरा उचलून लावावी लागते, हे तिला ठाऊक आहे.

२. पुस्तके ग्रंथालयाला. वाचकांनी समासात पेन्सिलीने लिहिलेले पुसू नये. नोकरीत असताना मी ते पुसू दिले नाही आणि त्यापायी तीन ग्रंथपालांशी वाकडे घेतले.

३. माझा संगणक. याबाबत जरा विस्ताराने.

माझा भाऊ घड्याळजी. त्याच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही दोन संगणक शेजारी मांडून ब्लॉकचेन चालवायला घेतली. ही व्यवहारांची एक वही. हजारो लोक तिची नक्कल आपापल्या संगणकावर ठेवतात आणि तिच्यात एकदा लिहिलेले कोणालाच खोडता येत नाही. काय दिवस होते ते! यंत्रे तापायची आणि आई त्यांच्यापाशी गुडघे शेकत बसायची. एकदा म्हणाली, "माझंही म्हणणं घाला रे त्यात. या घरात माझं ऐकतंय कोण?" मी तेच वाक्य जसेच्या तसे वहीत घातले. भाऊसुद्धा खूप हसला.

पुढे लोक तिच्यात चित्रे, गाणी, वाटेल ते कोंबू लागले आणि आमचे बिनसले. तो म्हणे, "ताई, घड्याळानं वेळ दाखवावी. त्यात साखर भरून ठेवलीस तर ते चालेल का?" मी म्हणे, "समास पुसलास तर पुस्तक वाचणारी माणसं दिसणार कुठं?" वाद रंगायचा आणि चहा निवून जायचा.

आई गेल्यावर महिन्याभरात, ब्लॉकचेनवाल्यांच्या सभेत तो म्हणाला, "व्यवहार सोडून त्यातलं बाकी सगळं कचरा आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच वहीत मी लिहिले: 'माझ्या भावाला आईचे बोलणे कचरा वाटते.' थोड्याच वेळात ते त्याच्याही संगणकात जाऊन बसले. त्याने वाचले. दुसऱ्या दिवशी मी माझा संगणक उचलून घरी आणला. त्याला नऊ वर्षे झाली. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही.

४. गेल्या महिन्यात भाचीने सांगितले ते असे. असला जादा मजकूर आपल्या संगणकावरच्या नकलेपुरता काढून टाकायची सोय केव्हाच आली आहे. ती यावी म्हणून सर्वांत जास्त भांडला तो माझा भाऊच. पण स्वतः त्याने ती वापरली नाही. तिने कारण विचारले तेव्हा म्हणाला, "ताईचं काढायला गेलो तर आईचंही जाईल."

म्हणजे नऊ वर्षे माझे ते वाक्य त्याने दुकानात सांभाळले. मला फार लाज वाटते. मी चुकले, त्याची माफी मागते. ही माफी मी वहीत घालणार नाही. तिथे त्याचे ऐकते.

५. वकीलबाई म्हणतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून भावाला द्यायचा संगणक या मृत्युपत्रातून वगळते. तो आजच टॅक्सीत घालून दुकानात पोचवते आणि दुसरी सही भावाचीच मागते. त्याने तोंड फिरवले तर शेजारच्या पेंटरची घ्यावी.

ठिकाण: घड्याळाच्या दुकानामागची खोली
दिनांक: १४ ऑक्टोबर, दुपारी

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिली: समोरच्या शिंपीणबाई (सही)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, घड्याळजी (सही)
वाचले. संगणक मिळाला. कलम चारमधली माफी हा जादा मजकूर आहे. तरी खोडू नये.