सुचवलेला शब्द

११ नोव्हेंबर

आजही निभावलं. कोणाला कळलं नाही!

पद्धत तीच. ड्रॉवर अर्धा उघडा, आत फोन, दोन अंगठ्यांनी पत्र तयार. ते स्वतःलाच मेल करायचं, बाबांच्या कम्प्युटरवर उघडायचं, प्रिंट काढायची. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पोरगी मान खाली घालून काम करते. गीतांजली मॅडम आमच्या हेडक्लार्क. त्या तर म्हणाल्या, "नीलम, तुझा हात लयच फास्ट आहे बाप्पा!" हात नाही मॅडम, अंगठे.

बाबांचा कम्प्युटर अजून म्हणते मी. खुर्चीही त्यांचीच. नोकरीत असतानाच ते गेले म्हणून अनुकंपावर मला घेतलं. ऑर्डरमध्ये अट स्पष्ट आहे — दोन वर्षांत मराठी टायपिंग पास, नाहीतर सेवा समाप्त. जानेवारीतली परीक्षा शेवटची. रुजू होताना विचारलं होतं, टायपिंग येतं का? म्हटलं, येतं सर, फास्ट! खोटं कुठे बोलले? कशावर, ते कोणी विचारलंच नाही.

आणि खरं सांगायचं तर मला मनापासून वाटायचं की या डब्यांचे दिवस संपले. बँक फोनवर, तिकीट फोनवर, मैत्रीण रंजूच्या लग्नाची पत्रिकासुद्धा फोनवर. अकोल्यात आता डेस्कटॉप उरलेत ते सरकारी ऑफिसात आणि झेरॉक्सवाल्याकडे. आईला हे बोलून दाखवलं तर म्हणते, "त्याच डब्ब्यापुढं बसून तुह्या बापानं तुले शिकवलं. नावं नको ठेवू."

पण की-बोर्डवर दहा बोटं ठेवली की एक अक्षर शोधेपर्यंत दुसरं विसरते.

१३ नोव्हेंबर

टायपिंग क्लास लावला. खुशालराव सर हातांवर कापड टाकतात, म्हणजे बघायची सोयच नाही. सगळ्या पोरींसमोर ओरडले — "अंगठ्यानं फक्त स्पेस! बाकी टायमाले अंगठा खिशात ठेव!"

ड्रेसला खिसा नाही हे सांगायचं होतं. सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर

हयातीच्या दाखल्यांचा ढीग. दर नोव्हेंबरला पेन्शनवाले येऊन आपण जिवंत आहोत असं लिहून देतात. मग त्यांची नावं घालून आम्ही वर, पेन्शन ऑफिसला पत्रं पाठवतो. म्हातारी माणसं जिना चढून येतात आणि माझ्याचपुढे दम खातात. सगळी पत्रं अंगठ्यांनीच केली. फोनला मी पुढे काय लिहिणार ते आधीच माहीत असतं. मी दोन अक्षरं दाबते, तो शब्द पुढे करतो, मी टिचकी मारते. इतकं मन ओळखणारं कोणी घरात नाही.

२१ नोव्हेंबर

सगळी पत्रं गेली. सुटले!

२५ नोव्हेंबर

क्लासमध्ये 'कर तर कर' एवढंच चाललंय. सर म्हणतात, डाव्या करंगळीत जीवच नाही तुह्या. आहे. भीतीने गार पडलाय.

४ डिसेंबर

आज अक्षर बघ कसं आलंय.

दुपारी एक म्हातारी आली. हिवरखेडच्या माणिकबाई. नवरा पुंजाजी आमच्याच ऑफिसात शिपाई होता, त्याची पेन्शन यांना मिळते. बाकावर पिशवी ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी मेली म्हणे! कोणी मारलं मले, थे पाहाले आली."

सगळे हसले. मीही हसले. मग मॅडमनी फाइल काढली आणि माझं हसू जागीच राहिलं. या महिन्याची पेन्शन बंद. कारण वर गेलेल्या आमच्याच पत्रात — श्रीमती माणिकबाई पुंजाजी या मयत असून.

हयात असून लिहायचं होतं. मयत असून गेलं. खाली मॅडमची सही. वर कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव.

मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. मग माझ्या कम्प्युटरकडे बघत म्हणाल्या, "हयातचं मयत बोट घसरून होत नाही. अन् आपल्या कम्प्युटरवर तर आपोआप काई येत नाही. मग हे आलं कुठून?"

मी ड्रॉवर गुडघ्याने हळूच लोटला.

माणिकबाई जाताना माझ्याजवळ थांबल्या. "देवमनभाऊची पोट्टी न तू? नाक तेच आहे. काहून एवढी भेतं? मी तर जित्ती आहो." आणि माझ्या गालाला हात लावला. गरम होता हात, हे लिहून ठेवते.

घरी येऊन फोनवर करून पाहिलं. कोणाचंही नाव लिहायचं, पुढे 'या' किंवा 'हे' — की वर तीन शब्द येतात. पहिला मयत. घाईत त्या एका पत्रात त्यावरच टिचकी पडली.

मग उलगडलं. बाबा गेले त्या वर्षी मी याच फोनवर शेकडो अर्ज लिहिले. माझे वडील हे मयत असून. वर्षभर तेच वाक्य. मी विसरत होते, फोन पाठ करत होता. आता त्याला वाटतं, नीलम माणसाचं नाव लिहिते म्हणजे तो माणूस गेलाच असणार.

शेवटी लिहायला नको होतं ते नाव लिहिलं, आईचं. श्रीमती दुर्गाबाई या —

मयत.

फोन पलंगावर फेकला. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. जाऊन तिच्यामागे उभी राहिले. म्हणाली, "काय झालं व?" काही नाही म्हटलं.

६ डिसेंबर

पांढरी साडी नेसून आई सकाळीच विहारात गेली. मीही गेले. वंदनेत मन नव्हतं. निघताना घरातल्या बाबांच्या फोटोकडे तर बघवलंच नाही. ते इतकी वर्षं टाइप करत होते, जिवंत माणसाला कधी मेलेलं लिहिलं नाही.

परत येताना आईला सगळं सांगून टाकलं. वाटलं, म्हणेल जाऊ दे, फोनची चूक आहे. ती चालता चालता थांबली. "फोन कोणाले मारत नाई. लिहिणारं मारते. जित्ती लिहून दे तिले, लौकर."

८ डिसेंबर

दुरुस्तीचं पत्र केलं. बाबांच्या कम्प्युटरवर, बोटांनी! पाच ओळी आणि सकाळ त्यात गेली. फोन जवळ घ्यायची हिंमतच झाली नाही.

ह उजव्या तर्जनीला. य उजव्या करंगळीला. काना डाव्या मधल्या बोटाला. त उजव्या अनामिकेला. हयात. स्क्रीनवर ते एकेक अक्षर उमटताना पाहिलं. वर काही येत नाही, शेजारी काही येत नाही. ती कर्सरची कांडी फक्त उघडमीट करत थांबते. आधी मला त्याचाच राग यायचा.

पत्र वर गेलं. मॅडम म्हणाल्या, वेळ लागते. जितेपणी मेलेलं खोडाले वेळच लागते.

१५ डिसेंबर

माणिकबाई पुन्हा आल्या. काम काहीच नव्हतं. "तोंड दाखवाले आली. म्हटलं, मंधात विसरसान, मी जित्ती आहो म्हून." पिशवीतून हरभऱ्याची भाजी काढून माझ्या टेबलावर ठेवली. आपल्या वावरातली. मला शरमेने घेववेना. त्या बसल्या आणि माझी बोटं बघत राहिल्या. "तुहा बाप इकडे तिकडे पाहेच नाई. माह्या पेन्शनचे कागद त्यानंच केले, बोलता बोलता."

श्वास लागत होता त्यांना. विचारलं, गोळ्या घेता ना?

"घेतो न. अर्धी अर्धी खाऊन राहिली. पेन्शन सुरू होयेपर्यंत पुरल्या पाह्यजे."

हसतच बोलल्या. मी म्हटलं, मी आणून देते. तर एकदम तोंड फिरवलं. "तू मले मेलेली लिवलं का? नाई न? मंग तू काहून आणून देतं?"

त्यांना माहीत नाही. तोंडाशी आलं होतं, हो, मीच लिहिलं. नोकरी डोळ्यांपुढे आली आणि गिळलं. भित्री! त्या जिना उतरेपर्यंत कठड्याशी उभी राहिले. प्रत्येक पायरीवर थांबत होत्या.

१६ डिसेंबर

अर्धी अर्धी. हेच डोक्यात.

२२ डिसेंबर

वर फोन केला. 'प्रक्रियेत आहे.' पुन्हा केला. दुसऱ्याने उचलला, तोही तेच म्हणाला.

मॅडम आज माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. किती वेळ, माहीत नाही. मी क्लासचा उतारा टाइप करत होते. फोन ड्रॉवरमध्येच होता, ड्रॉवर सवयीने अर्धा उघडा. त्या एवढंच म्हणाल्या — "ड्रॉवर बंद कर." आणि गेल्या.

म्हणजे माहीत आहे! कधीपासून? वर कळवलं असेल? संध्याकाळपर्यंत मला बोलावतील म्हणून वाट पाहिली. बोलावलं नाही. त्यांनी बोलावलं असतं तर बरं झालं असतं.

२९ डिसेंबर

घरी फोनवरचे पाठ झालेले शब्द पुसले. सगळेच पुसावे लागतात, एकच पुसता येत नाही. आता बाबा लिहिलं तर पुढे काहीच येत नाही. रडले जरा.

९ जानेवारी

माणिकबाई या महिन्यात आल्या नाहीत. त्यांच्या नंबरवर फोन केला, लागला नाही. थंडी आहे, म्हणून नसतील आल्या. पहाटेची एसटी धरावी लागते त्यांना. थंडीच असेल.

१२ जानेवारी

परीक्षा झाली.

हॉलमध्ये ओळीने डेस्कटॉप आणि माझी बोटं बर्फ. पहिल्या ओळीत उगाच अंगठा वर गेला. सुचवलेला शब्द दाबायला! तिथे काहीच नव्हतं. मग डोळे मिटले आणि हातांवर सरांचं कापड आहे असं समजले. बोटं चालायला लागली. उतारा पाटबंधाऱ्यावर होता. काय लिहिलं होतं ते आठवत नाही, पण सगळं मीच दाबलं एवढं नक्की.

२४ जानेवारी

पास!!

आणि त्याच डाकेत वरचं पत्र — श्रीमती माणिकबाई पुंजाजी या हयात असल्याचे मान्य करून निवृत्तिवेतन पूर्ववत. मागच्या महिन्यांसकट! मॅडमनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. "जमलं बाई तुह्यं." पहिल्यांदाच श्वास पूर्ण आत गेला.

माणिकबाईंना फोन लावला. बंद. असू दे. २७ तारखेला ऑफिसात सांगून स्वतः हिवरखेडला जाऊन पत्र हातात देणार. आणि सांगणार, कोणी मारलं होतं ते. नोकरी राहो की जावो. आई म्हणाली, मीही येते. पेढे घेतले.

२७ जानेवारी

जायची गरज पडली नाही. दार उघडायच्या आधीच त्यांचा पुतण्या ऑफिसबाहेर उभा होता. मुंडण केलेला.

मॅडम म्हणाल्या, पत्र करावं लागेल. "मी करते," असंही म्हणाल्या. मी नाही म्हटलं.

ड्रॉवर बंद होता. म डाव्या मधल्या बोटाला. य उजव्या करंगळीला. त अनामिकेला. कम्प्युटरने काही सुचवलं नाही.